अनंताच्या कळ्या आणि पितळी कड्याचं खुरपं

१९८६च्या श्रावणात मी आणि शेजारची विजयश्री बिरादार एकाच बादलीत सोनटक्क्याचे कंद धूत बसलो होतो. दोघींची लग्नं नवी, मधलं तारेचं कुंपणही नवं. विळीवर कंद कापून निम्मे निम्मे वाटून घेतले. पुढच्या श्रावणात तिचा वाफा पांढराशुभ्र झाला, माझ्याकडे नुसती पानं आली. या मृत्युपत्राची सुरुवात खरं म्हणजे तिथे आहे.

मी, स्वरूपा जयसिंग थोपटे, वय वर्षे ६४, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी, हे माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यामागे याची अंमलबजावणी माझा भाऊ दिग्विजय याने करावी.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा अजिंक्य याला. पुढच्या अंगणात फरशी घालून गाडी लावायचा त्याचा बेत मला माहीत आहे. त्याने तो खुशाल करावा, मात्र कलम ५ पुरं झाल्यावर. तोवर अंगणात कुदळ पडू नये.

२. माझ्या पाटल्या सूनबाई मोनिकाला. माझ्या गुलबक्षीला ती ‘जंगली’ म्हणाली होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास, ती कामावरून येण्याआधी, गुलबक्षी कशी उमलते हे तिने कधी पाहिलं नाही, म्हणून राग धरत नाही. काळं बी डब्यात आहे. वाटलं तर कुंडीत टाकावं.

३. शेवंतीच्या कुंड्या मोनिकालाच. मार्गशीर्षात फुलं संपली की बुडाशी फुटलेली पिल्लं वेगळी करायची, नाहीतर पुढच्या वर्षी सगळाच गुंता होतो. तेरड्याला काही करावं लागत नाही, तो आपला आपण उगवतो. देहूरोडच्या माझ्या कॉन्व्हेंटच्या बागेत डेलिया आणि फ्लॉक्स पट्टी लावल्यासारखे ओळीत असायचे. मला तेरड्याचं बेशिस्त वागणं जास्त आवडत आलं, पण स्वतःला कधी तसं वागता आलं नाही.

४. माझ्या यजमानांनी कारखान्याच्या टूलरूममध्ये दोन खुरपी घडवली होती. एक मला, एक ‘विजयश्रीवहिनींना’. माझ्या खुरप्याला साधी लाकडी मूठ, तिच्या मुठीला पितळी कडं. “एवढंच पितळ उरलं होतं गं,” असं ते म्हणाले. मग ते तिच्याच मुठीला का, हे मी अडतीस वर्षं विचारलं नाही, आणि आता विचारायला तेही नाहीत. माझं खुरपं तिला द्यावं. दोन्ही एका घरात राहू देत, म्हणजे माझा एक हिशोब मिटेल.

५. अंगणातलं अनंताचं झाड विजयश्रीला. एवढं जुनं झाड मुळासकट हलवलं तर जगणार नाही. म्हणून पावसाळ्यात त्याच्या तीन फांद्यांना गुटी बांधावी. साल सोलून, ओलं शेवाळ गुंडाळून बांधायचं. बांधायची तिनेच, तिचा हात लागला की मुळं सुटतात. दोन महिन्यांनी फांद्या कापून तिच्या दारात लावाव्यात. हे झालं की अजिंक्यने फरशीवाल्याला बोलवावं.

६. हे कलम दिग्विजयने विजयश्रीला लगेच वाचून दाखवू नये. गुट्यांना तिच्या दारात नवी पालवी फुटल्यावरच दाखवावं. आधी ऐकलं तर ती झाड घ्यायची नाही.

मूळ अनंत तिचा होता. यजमान दुसरी शिफ्ट असली की दुपारी निघताना तिच्या कुंपणाशी थांबत. “वहिनी, अनंत काय फुललाय!” माझ्या मोगऱ्याकडे बघायला त्यांना सवड नसे. १९८८च्या उन्हाळ्यात ती भावाच्या लग्नाला महिनाभर उदगीरला गेली आणि झाडांना पाणी घालायला सांगून गेली. मी रोज पाणी घातलं. आणि रोज फुगलेल्या कळ्या खुडून माझ्याच खतात पुरल्या. एकही ठेवली नाही. एकदा जेवताना यजमान म्हणाले, “तुझ्या हाताला अनंताचा वास येतोय.” मी म्हटलं, “साबणाचा असेल.” त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि भाकरी मोडली.

ती परत आली, झाड पाहिलं, कपाळाला हात लावला. “ह्या वर्षी का बरं रुसलंय गं हे? माझ्याकडं ऊन पडंना झालंय वाटतं. तुझ्याकडं एक लावू की!” तिने स्वतः गुटी बांधून, डालड्याच्या डब्यात रोप करून मला दिलं. पुढे नळाच्या खोदकामात तिचं झाड गेलं, माझं राहिलं. आल्यागेल्याला मी सांगत आले, माझ्या माहेरचा अनंत. एकदा तिच्यासमोरच सांगून बसले. ती पाहुणीला म्हणाली, “व्हय, लई जुनं झाड हाय तिचं.” त्यानंतर तिने कधी एक फांदी मागितली नाही, मीही कधी दिली नाही.

कॉन्व्हेंटमध्ये फादरपुढे पापाची कबुली द्यायला ख्रिस्ती मुली आत जात, आम्ही बाहेर बाकावर बसायचो. माझी कबुली ही.

७. विजयश्रीला साक्षीदार केलेलं नाही, कारण ज्याला काही मिळायचं त्याने सही करू नये असं वकील म्हणतात. ती मात्र, “मला सही येत न्हाई व्हय?” म्हणून दोन दिवस फुगली आहे. तिला आता कारण कळेल.

८. नव्या झाडाचं पहिलं फूल माझ्या फोटोला वाहू नये. विजयश्रीने ते स्वतःच्या केसांत माळावं आणि दिवसभर फाटकात उभं राहावं. मला ते बघावं लागणार नाही, तेवढंच बरं.

वाचून, समजून सही केली.

स्वरूपा जयसिंग थोपटे

आमच्यासमक्ष सही झाली, म्हणून साक्षीदार:
१. सयाजी भैरू काळभोर, संत तुकाराम नगर
२. सुजित शेखर माने, काळेवाडी

ठिकाण: पिंपरी
दिनांक: ११ जून २०२५