शंकेच्या पट्ट्यांची वही

मी, श्रीमती सुभद्रा आनंदा कोचरेकर, वय एकाहत्तर, निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ, राहणार काळाचौकी, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहती खोली माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती नणंदेची मुलगी मेघना हिला द्यावी. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी उशाशी तीच होती. दीर हितेंद्र यांनी हक्क सांगू नये. सख्ख्या भावाच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, तेराव्याला खोलीचा भाव विचारणारा माणूस मी विसरलेले नाही.

२. परळच्या इस्पितळात मी चौतीस वर्षे ईसीजी काढले. पट्टीबद्दल शंका आली की कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब करायची. टिंब म्हणजे पेशंटला सोडू नका, पुन्हा काढा. पट्ट्या पाहायचे माझे भिंग माझ्या हाताखाली शिकलेल्या नम्रताला द्यावे.

३. ध्रुव हा माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा, सातव्या वर्षापासून आमच्याकडे वाढला. बोटांत धरून ईसीजी काढायचे यंत्र त्याने केले. आज ते खेडोपाडी जाते आणि देशाची आरोग्य तंत्रज्ञानातली झेप म्हणून त्याचे फोटो छापून येतात. त्या यंत्राला शिकवण्यासाठी वीस हजार पट्ट्या मी या खोलीत बसून तपासल्या. संगणकावर दोनच चौकोन होते, नॉर्मल आणि ॲबनॉर्मल. शंकेच्या कुठे टाकू, विचारले तर म्हणाला, "मावशी, डाऊटबिऊट नको गं. मशीनला कळत नाही ते. नॉर्मलमध्ये टाक ना." अक्कल गहाण ठेवून मी टाकल्या. मोबदल्यात त्याच्या कंपनीचे शेअर मिळाले.

४. अशा एक हजार एकशे बारा पट्ट्यांचे नंबर मी वहीत उतरवले आहेत. वही घेऊन दोनदा ध्रुवच्या ऑफिसात गेले. पहिल्यांदा फंडिंग चालू होते. दुसऱ्यांदा म्हणाला, "आता दोन लाख मशीन गेलीयेत बाहेर. तू जरा देवदर्शन वगैरे करून ये." म्हणून ती वही आता मृत्युपत्रातून त्याला देते. शेअर ध्रुवचेच, पण या पट्ट्या वगळून यंत्राला नव्याने शिकवल्याचे त्याने सहा महिन्यांत लेखी दाखवावे. न दाखवल्यास व्यवस्थापक ॲड. राजरत्न जाधव यांनी शेअर विकून रक्कम इस्पितळाला द्यावी आणि वहीची प्रत सरकारी खात्याला व वर्तमानपत्रांना पाठवावी.

५. ध्रुव, वहीच्या शेवटच्या पानावर एक पट्टी छापून चिकटवली आहे. ती तुझ्या काकांची, माझ्या यजमानांची. त्या सकाळी छातीत चमक येते म्हणाले, तेव्हा मी तुझेच यंत्र त्यांच्या बोटांत दिले. नॉर्मल आले. पट्टी मी डोळ्यांनी पाहिली होती. इस्पितळात असते तर टिंब केले असते. पण हे यंत्र मी शिकवलेले, या तोऱ्यात त्यांना सोडा दिला आणि पडून राहा म्हटले. दोन तासांत गेले. झोपेत गेले एवढेच तुला सांगितले, कारण माझी मलाच लाज वाटत होती. तुझा राग येतो, माझा त्याहून जास्त येतो. माझे दिवस घालायचे तर घाल, पण आधी पट्ट्या तपासायला बस.

सही: सुभद्रा आनंदा कोचरेकर

सुभद्राबाईंनी हे आम्हाला वाचून दाखवले, आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. शरच्चंद्र विनायक ओगले, शिवडी
२. पद्मजा दत्ताराम घाग, काळाचौकी

स्थळ: काळाचौकी, मुंबई
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५