मास्क सैल झालाय

आई,

तुम्ही पालीहून परत याल तेव्हा आम्ही मांडव्याहून बोटीत बसलेले असू. सकाळीच हॉस्पिटलातून फोन आला, आजच्या आज या म्हणाले. वालाचं बिरडं करून ठेवलंय. भात तेवढा लावा. तेजूला शाळेतून आणायला तुम्हीच जा.

यांच्या ऑपरेशननंतर रेडिएशनसाठी स्कॅन काढला, डोकं हलू नये म्हणून तोंडाच्या मापाचा मास्क केला, तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की आठवड्याच्या आत सुरू करू. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणालात, पितरांचा पंधरवडा लागलाय, त्यात नवीन काही सुरू करायचं नाही. आणि मी तुमचं ऐकून यांना ताप आहे असं हॉस्पिटलात खोटं सांगितलं.

परवा गेलो तर तोंडावरची सूज उतरलेली आणि मास्क सैल. जुना स्कॅनही चालणार नाही म्हणाले. गाठ काढलेली जागा आत बदलत असते, म्हणून नवीन काढला. त्यात कडेला पुन्हा काहीतरी वाढलेलं दिसतंय, म्हणून आजचा फोन. त्या पंधरा दिवसांतच वाढलं का, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. मीही विचारायचं सोडून दिलं.

यांना यातलं काही माहीत नाही. मास्क बदलायला चाललोय असंच त्यांना वाटतंय. ते फोन करतील तेव्हा रडू नका, मास्कचंच बोला.

भिंतीवरचं कॅलेंडर मी पिशवीत घातलंय. शोधत बसू नका.

सुचिता