लाईन आली की मायचा फोन

मारेगाव, १२ जुलै २०२४

प्रिय प्रियंकाताईस,
सप्रेम जयभीम.

हाताची पट्टी काल सोडली. बोटं वळून राह्यले, पण पकड नाही. फोनवर माय बाजूले बसून ऐकते म्हणून कागद लिहून राह्यलो. अन फोनाचा मले वीट आला. मी दवाखान्यात पडलो होतो तरी लोक अंधारातून फोन करून विचारत, लाईन कधी येते. जसा मीच ती खिशात घालून बसलो!

ठेकेदार म्हणे, एक तारखेपासून खांबावर चढ, नाहीतर दुसरा माणूस पाह्यतो. मी वर असताना लाईन कोणी चालू केली, ते मात्र कोणी विचारत नाही. खालून माह्या जोडीचा नयन बोंबलला, तवा लाईन बंद झाली, म्हणून वाचलो.

मायचं तं तुले माहीत आहे. लाईन आली रे आली की तिचा फोन, जेवला काय. मी अजून खांबावर, कमरेले पट्टा, अन हिले जेवणाचं पडलं! लई चिडतो मी. कामावर जाऊ की नको, तूच सांग. थकलो ताई.

भाऊजींले जयभीम. लहान भावावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा इंद्रजित

बोरी अरब, १८ जुलै २०२४

चि. इंद्रजितला,
अनेक आशीर्वाद.

तुझं वाकडंतिकडं अक्षर पाहून रडूच आलं.

काल शाळेत चौथीच्या पोरांना विचारलं, लाईन म्हणजे काय? कोणी म्हणे वहीतली रेघ, कोणी म्हणे रेशनची रांग. एक कार्टं म्हणे, पोरींवर मारतात ती. बाकी सगळे एका सुरात म्हणाले, जाते ती! मीही हसले, मग तुझा हात आठवला आणि फळा पुसून टाकला.

आता मायचं ऐक. तू दवाखान्यात होतास तेव्हा मी तिच्याजवळ राहिले. लाईन गेली की अख्खी गल्ली शिव्या घालते, माय मात्र उंबऱ्यावर निवांत बसते. काहून विचारलं तर म्हणे, तारेत लाईन नाही तोवर माह्या पोराले भेव नाही. लाईन आली की उठून फोन लावते. तू खाटेवर पडलेला, तरी सवयीनं उठली. जेवणाचं निमित्त रे बाबा! तिला तुझा आवाज पाहिजे असतो, चिडलेला असला तरी चालतो.

माझे दीर प्रफुल्लभाऊ यांना दारव्ह्याच्या दुकानात पंखे-मोटारी दुरुस्तीला माणूस हवाय. पगार कमी, पण खांब नाही. सोड ती लाईन.

हट्टी ताईवर राग धरू नको.
तुझी प्रियंका

मारेगाव, २४ जुलै २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

ठेकेदाराले नाही म्हणून सांगतलं. प्रफुल्लभाऊंले कळव, एक तारखेले येतो.

काल सांजेले लाईन गेली. मी मायजवळ उंबऱ्यावर बसलो. लाईन आली तशी ती उठली, फोन हाती घेतला, मले पाह्यलं अन ठेवून देला. वाटलं, आता बसेल. नाही बसली. आज खांबावर कोण आहे म्हणे. मी म्हटलं, नयन. तर त्याचा नंबर लावायले लावला अन त्याले विचारलं, जेवला काय. तो बिचारा बावचळला, हो मावशी म्हणाला. तवा कुठं ती खाली बसली.

दारव्ह्याले माय काही येत नाही. लई समजावलं. नयनले माय नाही, त्याले कोण विचारीन, म्हणे.

जमलं तं तूही तिले अधूनमधून फोन करत जा, लाईन आली की.
तुहा इंद्रजित