मी 'थांब' म्हटलंच नव्हतं

६ जानेवारी २०१६, बुधवार

आणि वर हमद मलाच म्हणतो, "यू शाउटेड स्टॉप." मी? मी 'थांब' म्हटलं नाही, 'स्टॉप' म्हटलं नाही, आमच्या गावात थांबायला जेवढे शब्द आहेत त्यातला एकही तोंडातून काढला नाही. मी म्हटलं 'बस'. तेही त्या उंच जर्मन पोराला. गाडी वाळूत हेलकावे खातेय आणि हा सीटवर उभा, डोकं टपाच्या खिडकीतून बाहेर, हातात कॅमेरा. मान मोडली असती. मी ओरडले, अरे बस! बस म्हणते ना, बस!

आमचं बस म्हणजे बूड टेक. अरबीत बस म्हणजे पुरे, खलास. सैफ ड्रायव्हर नवीन, वीस-बाविशीचा, आधीच घाबरलेला. त्याने ऐकलं बस बस बस आणि दिला ब्रेक दाबून. वाळूच्या पट्ट्याच्या मधोमध, जिथे गॅसवरचा पायसुद्धा हलका करायचा नसतो तिथे. मागची चाकं गेली आत, गाडीचं पोट वाळूला टेकलं.

उंच्या मात्र बसला. आपटूनच बसला.

आज ऑफिसात हे सांगायला गेले तर हमद ऐकूनच घेईना. हमद म्हणजे अर्बाबचा, आमच्या मालकाचा, मुलगा. बापाची तब्येत नरम म्हणून दिवाळीपासून मालकाच्या खुर्चीत हा. म्हणे पुढच्या ट्रिपपासून तू बसमध्ये नाही. इब्रीच्या पुढे नवीन कँप बांधलाय, तिथल्या किचनमध्ये राहायचं, बस आली की जेवण द्यायचं. बसमध्ये इंग्रजी बोलणारा गाईड बसणार. "यू आर अ गुड कुक, मॅडम."

कुक!

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण मराठीत.

७ जाने., गुरु.

डोकं अजून तापलेलंच. भाकऱ्या करपल्या. ह्यांनी गपचूप खाल्ल्या. शहाणे आहेत.

८ जाने., शुक्र.

सुट्टी. हे झोपलेत, प्राची दहावीच्या पुस्तकात. मला झोप नाही.

कुक म्हणे. मी ह्या कामाला लागले तेव्हा हमद शाळेत फुटबॉल खेळत होता. प्राची तिसरीत होती. ह्यांनी अर्बाबच्या सीबच्या घरचा एसी दुरुस्त केला, डबा तिथेच उघडला. अर्बाबने माझ्या कोलंबीच्या सुक्याची चव घेतली आणि सगळा डबा संपवला, हे उपाशी. तिथून सुरुवात. अर्बाबकडे तेव्हा एकच जुनी मिनीबस. त्यात पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारी गोरी पोरं भरायची आणि निझवा, इब्री करत वाळवंटाच्या तोंडापर्यंत न्यायची. हॉटेल परवडत नाही असली पोरं. मिळेल ते खातात, पडतील तिथे झोपतात.

आधी मी नुसती पातेली भरून द्यायची. मग कुठल्या तरी दोन मुलींनी फोनवर विचारलं, सोबत कोणी बाई आहे का? बाई नव्हती. अर्बाबचा फोन, "उम्म प्राची, तुम चलो." प्राचीची आई. त्यांच्यात असंच म्हणतात, लेकराच्या नावाने, मानाने. मी साडी आणि कॅनव्हासचे बूट घालून निघाले. दारापाशी ड्रायव्हरच्या शेजारची सीट, तिच्यावर बसले. त्या दिवसापासून ती माझी.

कोणी शिकवलं नाही. माझं मीच ठरवलं. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू असतो. पाण्याच्या बाटल्या माझ्या ताब्यात. आणि बायकांचा आडोसा. आधी बिचाऱ्या निझव्यापासून इब्रीपर्यंत धरून बसायच्या, तोंडं वाकडी करून. बाप्यांना काय, खडक दिसला की झालं. मी दोन जुन्या साड्या आणि चार काठ्या आणल्या, टेकाडामागे खोली उभी केली. एका फ्रान्सच्या डॉक्टरीणबाईने त्या साडीसाठी मला मिठी मारली. लुगडं बघून मिठी, आमच्या गावात सांगितलं तर कोण खरं मानेल.

चौथी पास मी. लग्नाआधी तालुक्याला जायचं तर भाऊ सोबत लागायचा. आता कुठल्या कुठल्या देशांतली पोरं माझ्या मागून वाळूत चालतात. मी म्हणते "चला", ती म्हणतात "चला". नावं लक्षात राहत नाहीत, मी आपली ठेवते. उंच्या, लालू, रडूबाई, टोपी. रडूबाईला अर्थ सांगितला तर ती हसून हसून आणखी रडली.

मला किचनमध्ये ठेवतोय!

१० जाने., रवि.

त्या दिवशी गाडी रुतल्यावर काय झालं ते हमदने विचारलंच नाही. रुतली कशी, एवढंच विचारतो. निघाली कशी ते कोण विचारणार?

सैफ खाली उतरून डोक्याला हात लावून बसला. सगळे एकदम बोलायला लागले. मी म्हटलं, आधी सावली, मग चहा, मग बोला. गाडीच्या सावलीत चटई टाकली, स्टोव्ह पेटवला. हातात कप आला की माणूस ओरडत नाही, सांडेल म्हणून. सैफला दोन चमचे साखर जास्त घातली. म्हटलं, तुझी चूक नाही, माझी पण नाही, शब्दाची आहे. त्याला किती कळलं देव जाणे, पण उठला आणि टायरमधली हवा सोडायला लागला.

मग फावडं. एकच होतं. बाकीच्यांना ताटं दिली, माझी स्टीलची. उंच्या ताटाने वाळू उपसत होता, मी म्हटलं, ह्याच ताटात तुला जेवायचंय, घासून दे.

टपावर सरपण होतं रात्रीच्या जेवणाचं. ते चाकांखाली सारलं. आमचे बाबा होडी अशीच वर घ्यायचे, खाली ओंडके टाकून, सगळी आळी दोराला. मी म्हटलं, एकदम रेटायचं, वेगवेगळं नाही. मी "हैसा" म्हटलं की सगळ्यांनी. पहिल्यांदा कोणी आधी, कोणी नंतर. टोपी तर तोंडावर पडली. तिसऱ्या-चौथ्या वेळेला असा काही आवाज आला, "हैस्साऽ!" की अंगावर काटा. वाळवंटात आमच्या समुद्रावरची आरोळी, आणि देणारे कोण, तर गोरे! गाडी हातभर पुढे आली. नाचले सगळे. मग परत रुतली.

खोटं कशाला लिहू, शेवटी एक बदू आला, वाळवंटातला उंटवाला, चारा भरलेली पिकअप घेऊन. त्याने दोर बांधला, पुढून तो, मागून आम्ही. हैसा त्यानेही म्हटलं. असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाच्या वेळेला गाडी घट्ट जमिनीवर उभी. बदूला आम्ही जेवायला बसवलं, त्याने आम्हाला उंटिणीचं दूध दिलं. सरपण चाकांखाली गेलेलं, म्हणून स्टोव्हवर पिठलं-भात. ताटात वाळू कचकचत होती. एकाने तक्रार केली नाही.

ती केट, ऑस्ट्रेलियाची बाई, माझ्याएवढीच असेल, ती हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. हातवारे करत सावकाश म्हणाली, माझ्या देशात अशाच छोट्या बस लाल मातीच्या रानातून जातात, आठवडा आठवडा. मी त्यातच कामाला होते. गाडी रुतली की लोक कंपनीच्या नावाने ओरडायला लागतात. तुझे लोक गातायत. मग म्हणाली, यू आर द बोट कॅप्टन. एवढं इंग्रजी मला कळतं.

हे कुणाला सांगू? हमदला? तो म्हणेल, गुड, गुड, आणि जेवणाचा मेनू विचारील.

१२ जाने., मंगळ.

दारावर बेल. उघडलं तर एक टक्कल पडत आलेला गृहस्थ, हातात केकचा खोका. "काकी, मी ग्लेन. वसईचा. हमदने पाठवलं." हाच तो इंग्रजीवाला गाईड. दार लावून घेणार होते, पण मराठी बोलला, मग कसं लावणार.

म्हटलं, बस. बसला. बघा, ह्याला कळतं.

"काकी, मी पंधरा वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनला. वाळवंट मी पोस्टकार्डावर बघितलंय."

"मग आलास कशाला ह्यात?"

"हमद म्हणाला सोपं आहे. मोबाईलवर नकाशा दिलाय."

"वाळूत नेटवर्क काय तुझा सासरा देणार?"

हसला. वाईट माणूस नाही. वहीबिही काही नाही, नुसता विचारत होता, कुठे थांबायचं, मुलींना बाथरूमचं काय सांगायचं, कोणी आजारी पडलं तर. मी सांगितलं. नाही सांगितलं तर पोरं मरतील ना, हमद थोडाच मरणार आहे. वालाची उसळ पण वाढली. शेवटी म्हणतो, "तुम्ही कँपच्या किचनमध्ये असाल ना काकी, अडलं की फोन करीन."

"मी नसणारे किचनमध्ये."

घास तसाच राहिला हातात. "मग जेवण?"

"ते पण नकाशात बघ."

जाताना दारात म्हणाला, "खरं सांगू का, तुम्ही पुढे बसा, मी मागे बसून इंग्रजी बोलतो. मला तेच बरं." तसं हमदला सांग म्हटलं. तर चपला शोधायला लागला. नोकरीची भीती. कळतं मला. पण मग माझ्यासाठी बोलायचं कोणी?

१४ जाने., गुरु.

तिळाचे लाडू केले. पाक जरा कडक झाला.

ह्यांचं म्हणणं, "घे ना ते किचन. एका जागी काम, वर एसी. गुडघे बघ आपले."

म्हटलं, तुमचे एसी तुम्ही बघा, माझे गुडघे मी बघते.

मग लाडू फोडता फोडता म्हणाले, "एक सांगू? त्या पोराला जरा आदराने 'बसा' म्हटलं असतंस ना, तर ब्रेक लागलाच नसता."

त्या उंच्याला, त्या टोबीला, मी अहो-जाहो करू? गाडी वाळूत, हा टपाबाहेर, आणि मी काय, बसा हं टोबीराव, पाट मांडलाय? प्राची खुर्चीवरून पडायची बाकी होती. मी पण हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

नंतर भांडी घासताना प्राची मागे येऊन उभी. तिचं मराठी अडखळत येतं, सगळं इंग्रजीत चालतं शाळेत. म्हणाली, "आई, तू ट्रिपवरून येते ना, तेव्हा तू लाउड असते. म्हणजे... हॅपी लाउड. जिन्यातून ऐकू येते. नुसतं कुकिंग केलं तर तू... तशी नसते."

मी म्हटलं, जा, अभ्यास कर. नळ मोठा सोडला.

उद्या शुक्रवार, त्यांचा नमाजाचा आणि पाहुण्यांचा दिवस. परवा जाते अर्बाबकडे. हमदच्या ऑफिसात नाही. घरी.

१६ जाने., शनि.

गेले. हे म्हणाले, मी येऊ का? म्हटलं, नको, तुम्ही आलात तर तो एसी दाखवील.

अर्बाब बैठकीत गादीवर, गुडघ्यावर शाल. बारीक झालाय. मला बघून तोंड फुललं. "उम्म प्राची! कितना दिन!" सैफ कॉफी ओतायला, अर्बाबचा पुतण्याच ना तो. मला बघून नजर खाली.

इथली रीत अशी की छोटा कप संपला आणि पुरे झालं की तो हलवायचा. हलवला नाही तर ते ओततच राहतात. मी हलवलाच नाही. बोलणं संपेपर्यंत उठणार नव्हते. कडू घोट घेतले, खजूर खाल्ले आणि सगळं सांगितलं. हिंदीत, मध्ये मध्ये अरबी, मध्ये मध्ये आपलंच. मी काय बोलले, सैफने काय ऐकलं.

अर्बाबने सैफकडे बघितलं. सैफ अरबीत काहीतरी पुटपुटला, मला त्यातलं 'बस' तेवढं कळलं. मग मान वर करून मोठ्याने, हिंदीत, मला कळावं म्हणून, "ये सच बोलता. ब्रेक मैंने मारा." हमदसमोर तोंड उघडलं नव्हतं त्याने. आज उघडलं.

अर्बाब असा हसला, असा हसला की खोकला लागला, आतून बायको धावत आली. तिला परत पहिल्यापासून सांगितलं, ती पण हसली. सगळं घर हसलं. मी नाही हसले. हसून मला परत आडोसा बांधायला मिळणार नव्हता.

म्हटलं, अर्बाब, ती सीट?

त्याने डोळे पुसले. म्हणाला, "हमद का दिमाग गरम है. लेकिन ऑफिस अब उसका है. मैं बोलेगा उसको. इन्शाल्ला, सब ठीक होगा."

म्हटलं, इन्शाल्ला देवाचं झालं, ते मला मान्य. तुमचं काय? हो की नाही?

सैफ कॉफी ओतायची विसरला. ह्या घरात असं कोणी बोलत नसेल. पण इतकी वर्षं ह्या माणसाची गिऱ्हाइकं मी धड नेली, धड आणली. एकालाही उपाशी ठेवलं नाही, एकीला लाज वाटू दिली नाही. माझं नाव गाडीवर लिहिलेलं नाही, पण जी पोरं पुन्हा येतात ती गाडीचं नाव विचारत नाहीत, मला विचारतात. हे पण बोलले. मग कप हलवला आणि उठले.

दारापर्यंत सोडायला स्वतः आला, शाल सांभाळत. डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं, लांबूनच.

घरी येऊन प्राचीला म्हटलं, फोन धर, माझा आवाज भर. हमदला पाठवलं. हिंदीत, सावकाश, एकेक शब्द सुटा, म्हणजे नंतर मी हे बोलले, ते बोलले नको. हेच लिहून ठेवते:

हमद, बुधवारी ट्रिप निघणार. मंगळवारी सकाळी मवालेहच्या बाजारातून भाजी मीच भरते, दरवेळी. ह्या वेळी मी बसमध्ये पुढच्या सीटवर असेन तरच भरीन. ग्लेनला मागे बसव, इंग्रजी त्याचं, गाडी माझी, चालवणार सैफच. कँपच्या किचनला दुसरी बाई शोध. बाबाला मध्ये घालू नको, ग्लेनकडून निरोप नको. तू स्वतः फोन कर. सोमवारी, सूर्य बुडायच्या आत. हो की नाही, तेवढंच सांग.