फादरांनी मंजूर केलेली वाइन

अरिमा, त्रिनिदाद
राखेचा बुधवार उलटून गेलेला शुक्रवार

प्रिय युलालीताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे हॉरेसचा, साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि ग्रॅनव्हिलभावोजींचा दमा या दोघांनीही टोरांटोच्या बर्फाशी जमवून घेतलं असेल, अशी आशा करतो. इथे सगळे खुशाल आहेत. मी अंथरुणात पालथा पडून हे लिहितोय, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस. (एरवीही तू ठेवतेसच.)

तुला कळवायला अभिमान वाटतो की आपल्या चर्चमध्ये यंदा सभ्यता समिती स्थापन झाली आणि मी तिचा सचिव आहे. अध्यक्ष अर्थातच फिलोमिनाबाई. दुसऱ्याचं पाप त्यांना तीन गल्ल्यांवरून दिसतं, वाचायला मात्र चष्मा लागतो. समितीचं काम एकच, कार्निव्हलमधली वाइन बंद पाडणं. (तिकडे राहून विसरली नसशील, तरी आठवण देतो, आपली वाइन बाटलीत नसते, कमरेत असते. एकट्याने कंबर घुसळली तर वाइन केली, आणि कुणाला पाठ लावून घुसळली तर वाइन घेतली.) मी या समितीत का शिरलो, ते फक्त तुला सांगतो. तुझ्या भावजयीने, मर्लने, कार्निव्हलच्या बायकांच्या पथकात नाव घातलं. वेश उडत्या माशाचा. निळे मणी, निळी पिसं, आणि कापड म्हणशील तर शिंप्याने वाचवलेलंच जास्त. अगं, गेल्या वर्षी हिचा खुबा बदलला! कित्येक महिने माझा खांदा धरून न्हाणीघरापर्यंत जायची, आणि आता म्हणे दिवसभर गाणी वाजवणाऱ्या ट्रकमागे नाचणार. पडली तर? मला भीती वाटत होती, ताई, खरीखुरी. पण मर्लला तोंडावर 'जाऊ नकोस' म्हणायची माझी काय बिशाद! म्हणून मी सभ्यतेच्या पदराआड लपलो.

वाइनबंदीच्या ठरावासाठी चर्चच्या हॉलमध्ये वादसभा ठेवली. हॉल इतका भरला होता की ईस्टरलाही कधी भरत नाही. फिलोमिनाबाईंनी यंदाचं गाजणारं गाणं किती अश्लील आहे हे सिद्ध करायला ते म्हणून दाखवलं. पाठ होतं, दुसऱ्या कडव्यासकट! धृपदाला सगळा हॉल त्यांना साथ देत होता, आणि बाईंचा पाय टेबलाखाली ठेका धरत होता. (ही नोंद मी सचिव या नात्याने इतिवृत्तातून वगळली.) मग आपले औषधवाले मिस्टर अल्सिड उठले आणि म्हणाले की आपल्या आजेपणज्यांना मळ्यांच्या मालकांनी ढोलबंदी केली तेव्हाही असाच ठराव असणार, आणि असाच घाम पुसत कुणीतरी तो वाचला असणार. घाम मीच पुसत होतो. त्यानंतर मर्ल उठली. "मी खाटेवर पडले होते तेव्हा माझ्या कमरेची चौकशी करायला तुमच्यापैकी कोण आलं होतं? आता ती फिरायला लागली तर अख्खी समिती बसली!" एवढं बोलून खाली बसली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी ते लिहून घ्यायच्या मिषाने मान खाली घातली.

शेवटचा शब्द फादर तादेउश यांचा. ते नुकतेच पोलंडहून आलेले, नाकावरचं कातडं अजून सोलवटतंय. सभा कसल्या वाइनबद्दल आहे, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. ते उठले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मला यात काही वाईट दिसत नाही. मी स्वतः रोज सकाळी वेदीपाशी, तुम्हा सगळ्यांसमोर घेतो. रविवारी दोनदा." फिलोमिनाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "म्हाताऱ्या बायकांनी तर जरूर घ्यावी, रक्त फिरतं. फक्त एकट्याने कोपऱ्यात नको, चारचौघांत घ्या." पुढच्या रांगेतल्या विधवांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फादरांची चूक सुधारायची तर कुणीतरी करून दाखवायला हवं होतं, आणि समितीतून कुणी पुढे येईना. ठराव साफ पडला.

कार्निव्हलच्या मंगळवारी मी रस्त्यावर गेलो, समितीचा निरीक्षक म्हणून. सोबत छत्री आणि माउबीची, म्हणजे झाडाच्या सालीच्या कडू सरबताची, बाटली. (तो कडूपणा मनःस्थितीला शोभणारा होता.) ट्रक आले, दाढा हलल्या, आणि त्या धुरळ्यातून उडत्या माशांचा थवा आला. मर्लने मला हेरलं. समोर येऊन पाठ फिरवली आणि मागे मागे सरकत थेट माझ्यावरच वाइन आणली. आता आपला रिवाज तुला ठाऊक आहे. नको असेल तर नमस्कार करून बाजूला व्हायचं, जागचा हलला नाही तो राजी. मी हललो नाही. मागे गटार होतं. गेलं वर्षभर, ताई, ही चालायला लागली की माझी नजर तिच्या डाव्या पायावर असायची, लंगडते का, घसरते का. त्या दुपारी तिच्या पायाकडे बघायचं मी चक्क विसरलो. एवढा सुखी मी आमच्या लग्नातही नव्हतो.

असो. सभ्यतेचा ऱ्हास होत आहे.

तुझा,
हॉरेस

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण. कालच्या पेपरात पहिल्या पानावर मर्लचा फोटो आलाय. मागच्या पुरुषाचे डोळे पिसांनी झाकलेत, छत्री आणि दात तेवढे दिसतात. ते दात ग्रॅनव्हिलभावोजींचे, ते कार्निव्हलला दोन दिवस आले होते, असं मी समितीला सांगून बसलोय. फिलोमिनाबाईंचा फोन आला तर सांभाळून घे. भावोजींना त्या दिवशी दमा नव्हता, हेही सांग.

ता.क. २ (हे मर्लच्या हातचं) वन्सं, यांचं मुळीच ऐकू नका. पाठ धरली म्हणून पडलेत, तेल लावायला घेतलं तेव्हा पत्र हाती लागलं. तो फोटो मी स्वतःच फिलोमिनाबाईंना दाखवून आले. त्यांनी चष्मा लावून निरखून पाहिलं नि म्हणाल्या, "हा हॉरेस नव्हे गं. हॉरेसला इतका खूश कधी कुणी पाहिलाय?" मी म्हटलं, मी पाहिलाय.