गिरणी कुणाच्या नावावर

५ डिसेंबर १९७८

घेऊ नये. आज तरी माझं हेच मत!

बद्रीनाथ शेठांची फाट्यावरची पिठाची गिरणी विकायला निघालीय, आणि हे सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालताहेत. जालन्याची कापसाची जिनिंग मिल बंद पडल्यापासून घरीच आहेत. मोटार, पट्टा, बेअरिंग असं काही कानावर पडलं की माणसात येतात. पण पैसा माझ्या पगारातला, घर बांधायचं म्हणून पतपेढीत टाकलेला. तो बुडाला तर भाड्याच्या या दोन खोल्यांतच म्हातारपण काढायचं.

यांचं एकच — "चालू धंदा है, कौसल्या! नवं काहीच करायचं न्हाई." मग शेठ विकतात कशाला, असं विचारलं तर रुसले. जेवणार नाही म्हणाले. जेवले.

९ डिसेंबर

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गिरणीवर गेलो. शेठ सारखे खोकत होते. "पिठानं छाती भरली, बाई. पोरगा जालन्याला बियाण्याच्या दुकानात. एकट्यानं व्हईना." खरं वाटलं. विकणारा का विकतोय ते कळलं म्हणजे निम्मी काळजी मिटते.

यांनी दगडावर बोट फिरवलं. झिजलाय, पण टाकी लावून खाचा पाडल्या की चालेल म्हणाले. मोटार चांगली आहे. लाईट दुपारी जाते, पण बायका डबे ठेवून जातात. दुसरी गिरणी लांब, परतूरच्या रस्त्याला. जागा मात्र शेठांच्या भावाची आहे. आज गोड बोलतो, उद्या उठवलं तर? करार कागदावर हवा. हे मी तिथंच सांगितलं. शेठ म्हणाले, "बाई हिशेबाच्या पक्क्या दिसतात!"

सगळं विचारलं. खरं विचारायचं होतं तेच राहिलं.

१० डिसेंबर

ते इथं लिहिते. गिरणी आपली झाली तर गाव दळायला येईल का?

शाळेत मी शिकवलेलं चालतं. पण पीठ पोटात जातं. एकाचं दळण संपलं तरी दगडात मूठभर पीठ उरतं, ते पुढच्याच्या डब्यात पडतं. म्हणून आमच्या वस्तीचे डबे शेवटी लागतात. कुणी भांडत नाही, कुणी बोलत नाही, डबे मागं सरकतात. मी शाळेतली बाई असून माझासुद्धा! आणि नामांतराच्या दंगलीला अजून सहा महिने झालेले नाहीत. कुठं कुठं आपली घरं जळाली!

यांना म्हटलं, मोटारीपेक्षा हे आधी बघा. यांनी मोटारीचा हिशेब बाजूला ठेवला. म्हणजे त्यांच्याही मनात होतं.

१७ डिसेंबर

तातेराव आले होते. जिनिंगमध्ये यांच्याच पाळीत होते, यांना अजून वसंताच म्हणतात. पाटलांच्या भावकीतले, पण शेत नावाला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटी माझ्या नावाची लावा. गल्ल्यावर मी बसतो, दळण मी टाकतो. वसंता मोटार बघंल. लोकाला वाटंल माझा मिस्तरी है. मंग कोन बोलतंय?" मोबदला नफ्यातला तिसरा हिस्सा.

माणूस सरळ आहे. तरी मला राग आला. कुणाचा, तेच कळेना.

२४ डिसेंबर

घेतली. करार झाला. पाटीवर तातेराव.

१४ जानेवारी १९७९

संक्रांतीला चालू केली. बाजरी, ज्वारी — दुपारपर्यंत रांग हटली नाही! हे मोटारीपाशी पिठानं पांढरे झालेले. किती दिवसांनी हसताना पाहिले. मी लांबून बघून आले, आत गेले नाही.

२ फेब्रुवारी

धंदा बराबर चाललाय. मला झोप नाही.

आज कुणीतरी यांना हाक मारली, "ए मिस्तरी, पट्टा सरळ कर ना!" हे "हो, हो" करत पळाले. स्वतःच्या गिरणीत! घरी आल्यावर बोलले, "मालकानं पळायचं न्हाई असं कुठं लिव्हलंय?" चेष्टेवारी नेलं. मला जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी

आज मीच दळण घेऊन गेले. तातेरावांनी डबा घेतला. मागं रांगेत पाच-सहा बायका. त्यांच्याकडे बघितलं आणि माझा डबा हळूच भिंतीपाशी सरकवला. नजर खाली.

सगळ्यांचं दळून झाल्यावर माझं.

घरी येऊन मी भांडले, रडलेही. हे म्हणाले, "धंदा है, कौसल्या. आधी लावला असता तर बायका उठून गेल्या असत्या." मी म्हटलं, जाऊ द्यायच्या! मग घराचे पैसे आठवले आणि तोंड मिटलं. याचीच मला जास्त चीड येते.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत आम्ही दोघं पुढं होतो. हे लेझीम खेळले. दिवस फार चांगला गेला.

घरी येऊन चप्पल काढतानाच ध्यानात आलं — गिरणी बंद होती! सकाळी यांनी कुलूप घातलं आणि तातेराव ते बघून तसेच परत गेले. यांना चूक वाटली नाही, मलाही नाही. आजच्या दिवशी काम करायचं कुणाच्या मनात येतं? पण गावाच्या लेखी गिरणी तातेरावांची. तातेरावांनी जयंतीला गिरणी का बंद ठेवावी? आता कळलंच सगळ्यांना!

हे डोक्याला हात लावून बसलेत.

१५ एप्रिल

गिऱ्हाईक आलं. नेहमीइतकं. काहीच समजेना.

१६ एप्रिल

सकाळची शाळा सुटल्यावर शाळेशेजारच्या, पाटलांच्या आळीतल्या तुळजाबाई भेटल्या. डोक्यावर दळणाचा डबा. मी भीत भीतच म्हटलं, परवा गिरणी बंद होती, तुमची पंचाईत झाली असेल.

त्या हसल्या. "न्हाई वं बाई. तुमचा सण. आम्ही आदल्या दिशीच दळून आन्लं. गिरणी तुमची है, ते पहिल्या दिसापासून गावाला म्हाईत है." आणि जवळ सरकून, अगदी मायेनं म्हणाल्या, "पाटी तेवढी तातेरावची ऱ्हाऊ द्या. आम्हाला यायला बरं पडतं."

म्हणजे तिसरा हिस्सा मी देत होते तो कशाचा? गावाला आमच्याकडे यायची लाज वाटू नये याचा!

नवी पाटी रंगवायला रंगाऱ्याला निरोप धाडला आहे. यांना अजून सांगितलेलं नाही.