आईचे पाय

डुलुथ

प्रिय इंग्रिड,

तुमची आई व्हेंटिलेटरवर होती. बोलता न येणाऱ्याचं दुखणं आम्ही कपाळ, हात आणि अंगाची हालचाल बघून तक्त्यात मांडतो. ती निपचित पडून होती, म्हणून मी दोन दिवस शून्य, म्हणजे दुखणं नाही, असं लिहिलं.

तुम्ही म्हणालात, "सिस्टर, दुखत असलं की आई अशी दगडासारखी पडते. एरवी तिचे पाय सारखे हलत असतात."

"घरच्यांना असं वाटतंच," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून दुखणं थांबवायचं औषध दिलं. तासाभरात पांघरुणाखाली पायांनी ताल धरला. तक्त्याप्रमाणे तिला आता कुठे दुखायला लागलं होतं.

ती गेल्यावर तुम्ही विचारलंत, "फार सोसलं का हो तिनं?"

मी तुम्हाला ती शून्यं दाखवली.

तुमच्या आईची नर्स,
डोरीन